इंदूरच्या काकू आणि मिरजेचे चाचा

प्रश्न असा आहे की, आयुष्याच्या वेगळ्या टप्प्यांवर भेटलेली माणसं अचानक एकमेकांच्या ओळखीची निघाली, असं कधी झालंय का.

झालंय. माझं शाळेचं वय मिरजेत गेलं आणि पहिली नोकरी इंदूरला लागली. तिथे ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या काकू पहाटे तंबोरा घेऊन रियाजाला बसायच्या. तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे खोळ, त्यांनी स्वतः जुन्या माहेश्वरी साडीची शिवलेली, जांभळी, हिरव्या काठाची. तिचं पितळी बटण तुटलं तेव्हा बाजारातून नवं मीच आणून दिलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मीरासाहेबांच्या उरुसाला मिरजेत गेलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. ते १९३७ साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजून गाणं होतं. दुसऱ्या दिवशी एका शाळासोबत्याच्या दुकानात डोकावलो. त्यांचं घराणं सतारमेकरांचं. भिंतीला टेकवलेल्या तंबोऱ्यांत एकावर तीच गवसणी, तेच बटण!

मित्राचे वडील, आमचे चाचा, म्हणाले, "इंदूरच्या बाईंचा आहे. मीच बनवलेला. जवारी उतरली की माझ्याकडेच पाठवतात." (जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीची ती घासण, जिच्यामुळे तारा गुंजतात.) म्हणजे मी काकूंना पाहण्याच्या कितीतरी आधीपासून त्या चाचांना ओळखत होत्या. ज्या घरी मी लहानपणी दुपारभर पडीक असायचो, तिथेच घडलेला तंबोरा मी इंदूरला रोज ऐकत होतो.

थोडा विचार केला की यामागचं कारण दिसतं. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. पंढरपूरकडचे भोपळे तिथे येतात आणि तंबोरे होऊन देशभरच्या गवयांकडे जातात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गाणाऱ्या माणसाच्या घरी मिरजेचं वाद्य असणं यात नवल नाही. पण मिरजेतल्या इतक्या कारागिरांतून नेमके आमचे चाचाच निघावेत, याचं मला आजही नवल वाटतं, आणि ते वाटत राहावं अशीच माझी इच्छा आहे.

तिथूनच काकूंना फोन लावला. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. मग फोन चाचांकडे गेला आणि दोघं खर्जाच्या तारेबद्दल इतका वेळ बोलत बसले की मित्राने माझ्यासाठी दुसऱ्यांदा चहा मागवला. तंबोरा तयार झाल्यावर इंदूरला मीच पोचवला.