285 चा टायर 7.5 इंची रिमवर चालेल का?

इंदूरमध्ये पिकअप चालवताय, मूळ टायर 265/65 आर17 (265 मिमी रुंदी, गालाची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिमचा व्यास 17 इंच), रिम 7.5 इंच रुंद आणि आता 285/70 आर17 हवाय, तर उत्तर: बसेल, पण अगदी खालच्या टोकाला. या मापाला साधारण 7.5 ते 9.5 इंच रिम मान्य असते आणि टायरची छापील रुंदी 8.5 इंची रिमवर मोजलेली असते.

अरुंद रिमवर टायरचे गाल आत ओढले जातात, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध फुगतो आणि मधली नक्षी आधी झिजते. खडूने ट्रेडवर आडवी रेघ मारा, एबी रोडवर सरळ थोडं चालवा. रेघ फक्त मधूनच पुसली गेली, तर हवा थोडी कमी करून पाहा. पण माल भरल्यावर लागते तेवढी हवा हवीच, तिथे काटकसर नको.

8.5 ची रिम घेताना ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती दूर आहे ते माप) बघा, दुकानदार ते सांगायचं सोयीस्कर विसरतात! ऑफसेट तोच ठेवलात तर रिमची कड आत आणि बाहेर प्रत्येकी सुमारे 13 मिमी सरकते. शिवाय टायर मूळ टायरपेक्षा 54 मिमी जास्त उंच, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासू शकतो. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 85 च्या वर असेल.

मला विचाराल तर 265/70 आर17 घ्या. रिम तीच, उंची 26 मिमी जास्त, आणि पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या चिखलात रुंदीपेक्षा नक्षीच जास्त कामाला येते. स्टेपनीही त्याच मापाची घ्या.