पेगबोर्ड नंतर, आधी विचारपूस कर

अगं, ऑक्युपेशनल थेरपीत (ओटी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार) सुरुवातीला तुझ्यासारखंच मलाही वाटायचं, दिवसभर पेशंटला नुसते पेगबोर्डच्या भोकांतले पेग, म्हणजे खुंट्या, नि कोन, म्हणजे शंकू, उचलायला लावतोय, यात कसला अर्थ. मग एक स्ट्रोकच्या आजी आल्या, उजवा हात गेलेला, पेगबोर्डकडे बघायच्याही नाहीत, विचारलं घरी काय करायचात तर म्हणाल्या भाकरी. दुसऱ्या दिवशी परातीत ज्वारीचं पीठ दिलं, डाव्या हाताने उजवा धरून मळायला लागल्या आणि बोटं कधी सैल झाली त्यांनाच कळलं नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला १९५० मध्ये कमला निंबकरांनी ओटी स्कूल काढलं, तेव्हापासून काम हेच आपलं औषध. पेशंटचा फॉर्म भरण्याआधी खुर्ची जवळ ओढ, दहा मिनिटं नुसतं ऐक, आणि त्याच्या शर्टाचं बटण तू लावून देऊ नकोस, कितीही वेळ लागू दे.