गोड्या पाण्यातील जळूची शरीररचना कशी असते? ती ठाण्याच्या खाडीतही राहते का?

शिळफाट्याजवळच्या एका डबक्यातून बाहेर आलेल्या म्हशीच्या पायाला पाठीवर हिरवट आणि पोटाकडे नारिंगी दिसणारी जळू चिकटली होती. ती कोणती, तिचे शरीर कसे असते आणि ती खाडीतही सापडेल का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून ती आपल्याकडची गुरांची जळू, म्हणजे हिरुडिनेरिया ग्रॅन्युलोसा, असावी असे मला वाटते. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि प्रात्यक्षिकाच्या वर्गात गांडुळानंतर हीच जळू समोर येते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जळू गांडुळाच्याच संघातली असली, तरी तिच्या शरीरावर मोजता येतील तितकी वलये म्हणजे तितके खंड नव्हेत. खंड 33 असतात. मधल्या भागात एकेका खंडावर पाच वलये पडलेली असल्यामुळे पाहणाऱ्याची हमखास फसगत होते. दोन्ही टोकांना एकेक चूषक असतो. मागचा मोठा, वाटोळा आणि केवळ धरून ठेवण्यासाठी. पुढच्या, लहान चूषकात तोंड असते. तोंडात तीन जबडे असून प्रत्येकाच्या कडेवर अतिसूक्ष्म दातांची एकच रांग असते, म्हणूनच चाव्याची खूण तीन फाट्यांची उमटते. चिकटलेली जळू काढताना आधी निमुळत्या टोकाशी नख सरकवावे आणि मग मागचा चूषक सोडवावा. मीठ टाकणे मला पसंत नाही, कारण त्यामुळे तिच्या पोटातले रक्त जखमेवर उलटण्याचा धोका असतो.

लाळेतील हिरुडिन हे प्रथिन रक्त गोठू देत नाही. जळूच्या स्रावाचा हा गुण जॉन हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये दाखवून दिला. शोषलेले रक्त साठवण्याची व्यवस्था तर अधिकच विलक्षण आहे. अन्ननलिकेच्या पुढे दहा कप्प्यांची लांबलचक पिशवी असते, प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंना एकेक खिसा असतो आणि शेवटच्या कप्प्याचे खिसे आतड्याच्या दोन्ही अंगांनी पार मागपर्यंत पोचतात. रक्तातले जादा पाणी उत्सर्जक नलिकांच्या 17 जोड्यांवाटे बाहेर टाकले जाते. उरलेला दाट साठा इतक्या सावकाश पचतो की, एकदा भरपेट जेवलेली जळू कित्येक महिने उपाशी राहू शकते. डोळ्यांच्या पाच जोड्या आहेत खऱ्या, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे काही कळत नाही. भक्ष्य हुडकण्यासाठी पाण्याची हालचाल आणि शरीराची ऊब तिला अधिक उपयोगी पडते.

आता वसतिस्थानाविषयी. जळूला फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. श्वसन ओल्या, पातळ त्वचेतून होते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की, काचेच्या बरणीतली जळू मागच्या चूषकाने तळाला घट्ट धरून सारे शरीर लाटेसारखे हलवत राहते, म्हणजे त्वचेवरून ताजे पाणी फिरत राहते. हीच त्वचा खाडीच्या खारट पाण्यात तिच्या मुळावर येईल, कारण तिथे शरीरातले पाणी बाहेर ओढले जाईल. त्यामुळे ठाण्याच्या खाडीत, अगदी वाशी-ऐरोलीच्या तिवरांतसुद्धा, ही जळू शोधू नये. येऊरच्या उतारावरून पावसाळ्यात वेगाने धावणारे ओहोळही तिच्या सोयीचे नाहीत. तिला हवे असते उथळ, संथ, गोडे पाणी, काठाला गवत आणि पाण्यावर येणारी गुरे.

आणखी एक अट सहसा कोणी लक्षात घेत नाही. जळू उभयलिंगी असते, तरी दोन जळवांचा समागम व्हावा लागतो; त्यानंतर ती अंडी पाण्यात न सोडता काठावरच्या ओल्या मातीत, स्पंजासारखे वेष्टन असलेल्या कोशात घालते. त्या कोशातून थेट इवल्या जळवाच बाहेर पडतात. त्यामुळे पाणी कितीही चांगले असले, तरी मासुंदा तलावासारख्या चहूबाजूंनी बांधून काढलेल्या काठावर तिची पिढी पुढे सरकणे अवघड आहे, असे माझे मत आहे. नवी मुंबईतल्या जुन्या गावतळ्यांपैकी ज्यांचा एखादा काठ अजून मातीचा आहे आणि जिथे म्हशी डुंबतात, तिथे ती आढळण्याची शक्यता अधिक. आपण सांगितलेले डबके नेमके त्याच प्रकारचे दिसते.