मँडोलिन बदलायचंय, पैसे कशात घालू?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी अमळनेरचा. तीन वर्षांपासून साधं, ऑनलाइन मागवलेलं मँडोलिन वाजवतोय, भजनी मंडळात आणि घरी जुनी हिंदी गाणी. बोटं खूप दुखतात आणि सातव्या पडद्याच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सगळं बेसूर लागतं. ४०,००० जमवलेत. खांद्यापाशी वेटोळं असलेलं एक फार आवडलंय, घेऊन टाकू का?

उत्तर : भाऊ, थांबा जरा, आधी हातातलं वाद्य तपासा. मँडोलिनची घोडी, म्हणजे वरच्या फळीवर तारा पेलणारी लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं उभी असते, ती थोडी जरी सरकली तरी वरचे पडदे बेसूर होतात. बाराव्या पडद्यावर तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडा, घंटीसारखा स्वर निघेल, तो हार्मोनिक, मग तिथंच दाबून वाजवा, ट्यूनर अ‍ॅपवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर तारा किंचित ढिल्या करून घोडी शेपटाकडे, म्हणजे तारा अडकवलेल्या खालच्या टोकाकडे, सरकवा. बोटांचं दुखणं बहुतेक नटमुळे, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीमुळे, असेल. तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यावरची फट बघा, कागद जेमतेम सरकेल इतकीच पाहिजे, जास्त असेल तर खाचा खोल करून घ्या, पण जाणकाराकडूनच.

एवढं करूनही आवाज कोताच वाटला तर नवीन घ्या, आणि पैसे वरच्या फळीत घाला, ती सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेल्या स्प्रूस लाकडाची हवी, प्लायवुडची नको. ओळखायचं कसं, तर आवाजाच्या भोकाची कड बघा, वरच्या रेषा कडेतही सरळ उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. तुम्हाला आवडलेलं ते एफ स्टाइल, १९२२ साली आलेल्या गिब्सन एफ ५ मुळे त्याचा दबदबा आहे, पण वेटोळ्यानं आवाज सुधरत नाही, ती सगळी कोरीवकामाची किंमत. त्याच पैशात साधं पेरूच्या आकाराचं ए स्टाइल घेतलं तर लाकूड चांगलं मिळतं. ईस्टमन एमडी ३०५ किंवा केंटकी केएम १५० बघा, दोन्ही सॉलिड टॉपची आहेत, मात्र कस्टम ड्यूटी आणि पाठवणावळ धरून घरपोच किती पडेल ते आधी विचारा. अंडाकृती भोकाचा आवाज गोड असतो, घरच्या गाण्यांना तोच शोभेल, पण टाळ-मृदंगात तो बुडतो, म्हणून तुमच्यासाठी ए स्टाइलच, पण एफ (f) अक्षराच्या आकाराची दोन भोकं असलेलं.

आता आपल्या खान्देशचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडी ठाक, सॉलिड फळी आकसून खाली बसते आणि तारा पडद्यांना लागून खरखरायला लागतात. माझं पहिलं चांगलं मँडोलिन असंच खरखरलं तेव्हा मला वाटलं फसवलं गेलो, पण घोडीखालच्या चाकांनी ती किंचित उचलली नि नीट झालं. पावसाळ्यात उलटं, फळी फुगते, तारा वर जातात, तेव्हा चाकं उलटी फिरवायची. फार वाळली तर फळीला तडा जातो, म्हणून उन्हाळ्यात केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा, केसमधल्या हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के राहिला की बास. कूलरच्या झोतात नको, उन्हातल्या गाडीत तर बिलकूल नको.

तेव्हा ४०,००० सगळे वाद्यातच घालवू नका, कडक केस आणि सेटअपचे (घोडी-नट नीट जुळवून घेण्याचे) पैसे बाजूला काढून ठेवा, आणि मुंबई-पुण्याला बघायला गेलात तर जुनं मँडोलिन सोबत न्या, दोन्ही एकाच पिकनं (तार छेडायच्या पट्टीनं), एकामागून एक वाजवून बघा.