सात वर्षं परदेशात राहिलं की नागरिकत्व जातं का?

प्रश्न: मी जन्मानं श्रीलंकेची. भारतीय नागरिकाशी लग्न झाल्यावर रीतसर नोंदणी करून भारताचं नागरिकत्व घेतलं. पतीच्या खासगी नोकरीमुळे सहा वर्षं आम्ही कतारला आहोत. घराच्या वाटणीवरून बिनसल्यापासून दीर म्हणतात, "सात वर्षं भरू देत, एक अर्ज केला की तुझं नागरिकत्व रद्द." असं होऊ शकतं का?

उत्तर: दिरांच्या नुसत्या अर्जानं काही रद्द होत नाही. पण सात वर्षांची अट खरी आहे, म्हणून हे वर्ष वाया घालवू नका.

नोंदणीनं मिळालेलं नागरिकत्व काढून घेण्याची कारणं नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम १० मध्ये मोजकीच आहेत: फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवणं, राज्यघटनेशी द्रोह, युद्धकाळात शत्रूशी व्यवहार, नागरिकत्वानंतर पाच वर्षांच्या आत किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा आणि सलग सात वर्षं भारताबाहेर वास्तव्य. घरातलं भांडण यात कुठेच बसत नाही.

सात वर्षांच्या अटीतून विद्यार्थी, सरकारी नोकर वगैरे सुटतात. तुम्ही त्यांत नाही. तुमच्यासाठी वाट एकच: नागरिकत्व कायम ठेवायचा इरादा भारतीय दूतावासात दरवर्षी विहित पद्धतीनं नोंदवणं. पासपोर्टचं नूतनीकरण म्हणजे ही नोंद नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. सुट्टीत महिनाभर भारतात येऊन गेलात तरी वास्तव्यात खंड पडला असं धरून चालू नका. नोंद याच महिन्यात करा आणि शिक्क्याची पोच जपून ठेवा.

समजा सात वर्षं उलटली, तरी नागरिकत्व आपोआप जात नाही. तुम्ही नागरिक राहणं लोकहिताचं नाही, अशी केंद्र सरकारची खात्री पटावी लागते. आधी कारणासह लेखी नोटीस येते. प्रकरण चौकशी समितीकडे पाठवा, अशी मागणी करण्याचा हक्क मात्र बाकीच्या कारणांसाठी आहे, सात वर्षांच्या कारणासाठी नाही. तुमच्या बाबतीत समिती नेमायची की नाही हे सरकार ठरवतं; नेमली तर तिचा अध्यक्ष किमान दहा वर्षं न्यायिक पदावर राहिलेला असावा लागतो. म्हणून नोटिशीला लेखी उत्तर नीट द्या. तरीही आदेश विरोधात गेला, तर ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज आणि पुढे उच्च न्यायालयात रिट.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मात्र चुकूनही घेऊ नका. तिथे कलम ९ लागतं आणि भारतीय नागरिकत्व आदेशाविनाच संपतं.

आणखी एक. दीर उद्या "अर्जात माहिती दडवली" असंही म्हणू शकतात. तेव्हा मूळ अर्जाची प्रत, लग्नाचा दाखला आणि नोंदणी प्रमाणपत्र त्या घरात राहिलं असेल, तर आधी ते ताब्यात घ्या.