नाशिकमध्ये राहून तापमान, वादळ, पाऊस यांच्या नोंदी ठेवायचा छंद कसा सुरू करावा? ॲपवर ४३ दिसतं आणि पेपरात ३९ येतं, खरं कुठलं धरायचं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, तो सुटला की पहिला बराचसा सुटतो. तुम्ही लिहिलंय की परवा दुपारी मोबाईलवर ४३, द्वारकेच्या सिग्नलला गाडीच्या डॅशबोर्डवर ४५ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाशिक ३९ पॉइंट काहीतरी, मग सरकारी खातं आकडे कमी करून सांगतं का. नाही हो. तिन्ही आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

गाडीचा सेन्सर बंपरच्या आसपास असतो, खाली तापलेलं डांबर, पुढे दुसऱ्या गाडीचं इंजिन, तो त्या जागेची हवा सांगतो. ॲप बहुतेक वेळा काहीच मोजत नाही, कॉम्प्युटर मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि तुमच्या चौकोनाचा अंदाज देतं, त्यात पुन्हा काही ॲप मोठ्या अक्षरात 'फील्स लाईक', म्हणजे अंगाला किती वाटेल तो आकडा, दाखवतात आणि आपण तेच तापमान समजून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. पेपरातला आकडा मात्र खरोखर मोजलेला असतो, सावलीतल्या हवेचा. त्यासाठी स्टीव्हन्सन स्क्रीन नावाची पांढरी लाकडी पेटी असते, खिडकीच्या झडपांसारख्या दुहेरी पट्ट्या, वर दुहेरी छप्पर, दार उत्तरेला म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरणार नाही, आणि थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, मोकळ्या जागेत. जगभर साधारण असंच मोजतात म्हणून नाशिकचा आकडा नागपूरशी आणि आजचा ५० वर्षांपूर्वीच्याशी ताडून बघता येतो. उन्हात उभं राहून आपल्याला जे भाजतं ते यात नाही हे खरंय, पण म्हणून आकडा खोटा होत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चुकून कळलं. मी २०१४ च्या एप्रिलपासून वही ठेवते, पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावर राहते. सुरुवातीला साधं डिजिटल थर्मामीटर आणून बाल्कनीत खिळ्याला अडकवलं, बाल्कनी पश्चिमेची. रोज ४३, ४४. मला वाटलं आमच्याकडे फारच ऊन. मग एकदा मे महिन्यात रात्री आठला आकडा ३७ होता आणि बाहेर तर छान गार वारं सुटलेलं, नाशिकला मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेकडून वारा येतो तो तुम्हालाही माहीत असेलच. भिंतीला हात लावला तर गरम, तव्यासारखी नाही पण इस्त्री बंद करून दहा मिनिटं झाल्यावर लागते तशी. म्हणजे मी वर्षभर भिंतीचं तापमान लिहित होते. त्या पानांवर लाल पेनाने 'पश्चिम भिंत, धरू नये' असं लिहून ठेवलंय, फाडली नाहीत, कारण नोंद चुकली असली तरी ती का चुकली ती पण नोंदच आहे.

नंतर सोसायटीत विनंती करून कंपाउंडच्या आत पारिजातकापलीकडे मोकळी माती आहे तिथे लोखंडी पाइप रोवला. गच्ची नको, स्लॅब दिवसभर तापतो, टाक्या असतात, तिथले आकडे पुन्हा स्लॅबचेच. लाकडी पेटी सुताराकडून करून घेणं महाग पडतं, तर कुंडीखाली ठेवतात त्या प्लास्टिकच्या पांढऱ्या ताटल्या आठ घ्या, वरच्या दोन सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडा, दोन-अडीच सेंटीमीटर अंतर ठेवून लांब बोल्टवर एकावर एक उलट्या लावा आणि आत पोकळीत थर्मामीटरचा वायरवाला सेन्सर लटकवा. वारा खेळतो, ऊन लागत नाही. कमाल-किमान लक्षात ठेवणारं डिजिटल थर्मामीटर घ्या म्हणजे दुपारी तीनला घरी असायची गरज नाही, मी तर सीएच्या ऑफिसात काम करते, दिवसा कुठे बघणार.

पावसाचं त्याहून सोपं. नरसाळं घ्यायचं, तोंड ११.३ सेंटीमीटर व्यासाचं असलं तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं, म्हणजे १ मिमी पाऊस म्हणजे १० मिली पाणी. खाली बाटली, आणि मोजायला औषधाच्या दुकानातलं किंवा लॅबच्या सामानाच्या दुकानातलं मोजपात्र. नरसाळ्याची कड आडवी हवी, आणि झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वाचा, मध्ये खोलगट दिसते ती खालची रेष घ्यायची, कडेला चढलेली नाही.

आणि वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी धो धो पडला तरी तो बुधवारच्या तारखेला लिहिला जातो. हे माहीत नसल्यामुळे किती लोक भांडतात, काल एवढा पाऊस आणि कालच्या तारखेला शून्य कसं. मी डबा भरून झाला की खाली उतरते, वाचते, वहीत लिहिते आणि तशीच ऑफिसला जाते. गावाला गेले तर शेजारच्या काकू वाचतात, त्यांना चष्मा लावून थेंबाथेंबाचा हिशोब करायला आवडतं, आणि त्यांनी वाचलेल्या दिवसापुढे मी 'का', म्हणजे काकू, असं लिहिते. जे दिवस कुणीच वाचलं नाही ते रिकामे ठेवायचे, अंदाजाने भरायचे नाहीत, ही एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. नंतर कितीही मोह झाला तरी.

आता 'हीट वेव्ह'. पेपरात ४१ आला की सगळे उष्णतेची लाट म्हणतात, पण मैदानी भागासाठी खात्याची व्याख्या अशी की कमाल तापमान किमान ४० हवं आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश तरी जास्त हवं, ६.४ च्या वर गेलं तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ गाठलं तर सरासरी न बघताच लाट. सरासरी म्हणजे ३० वर्षांची, सध्या १९९१ ते २०२० ची धरतात. म्हणून एप्रिलच्या शेवटी नाशिकला ४१ झालं तर ते त्रासाचं आहे पण कागदावर लाट नसेलही, आणि तेच मार्चच्या मध्यात ४० झालं तर ते जास्त चक्रावणारं, कारण तेव्हाची सरासरीच कमी असते. मी म्हणून नुसता आकडा बघतच नाही, शेजारी अधिक-वजा किती लिहिलंय ते बघते. ही एक सवय लागली तरी बातम्या वाचायची पद्धत बदलते.

आपला जिल्हा या छंदाला इतका छान आहे की काय सांगू. नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, मालेगाव त्याहून दीडशेएक मीटर खाली आणि घाटापासून लांब, उन्हाळ्यात तिथे दोन-तीन अंश सहज जास्त. हिवाळ्यात सगळ्यांचे डोळे निफाडकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पावसाचं तर विचारूच नका, इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या पुढे, तिथून ४५ किलोमीटरवर नाशकात ७०० च्या आसपास, आणि येवला-सिन्नर-नांदगावकडे टँकर. एकच ढग घाट चढताना रिकामा होतो आणि पलीकडच्याला कोरडा वारा देतो. म्हणून 'नाशिक जिल्ह्यात सरासरी इतका पाऊस' हे वाक्य मला वाचवत नाही, त्यात कुणाचाच पाऊस नसतो.

पुराचंही तसंच. माझ्या नरसाळ्यात १५ मिमी आणि गोदाघाटावरच्या मोठ्या मूर्तीच्या, दुतोंड्या मारुतीच्या, छातीला पाणी, असं होतं, कारण पाणी त्र्यंबक-अंबोलीकडून गंगापूर धरणात येतं आणि तिथून विसर्ग सुटतो. नाशिककर पूर क्युसेकमध्ये नाही मोजत, मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला असा मोजतात, आणि जुनी माणसं नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागल्याचं सांगतात, १९६९ च्या महापुराचं. हसू नका, हे पूरमापकच आहे, जागा बदलत नाही, पट्टी बदलत नाही, आणि १९६९, २००८, २०१६, २०१९ चे पूर एकाच मूर्तीवर लावून बघता येतात. माझ्या ताटल्यांच्या पेटीचं वय त्यापुढे काहीच नाही.

वादळाकडे मी वळले ते गारपिटीमुळे. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारा पडत राहिल्या तेव्हा मी निफाड तालुक्यात मामाकडे होते, काढणीला आलेली द्राक्षं. दुपारी हवा एकदम थांबली, कुत्री ओट्याखाली गेली, आणि पत्र्यावर पहिली गार वाजली ती कुणीतरी दगड मारला असंच वाटलं. बारा-पंधरा मिनिटं असेल. थांबल्यावर मामा बागेत गेले नाहीत, ओट्यावरच बसून राहिले, मला म्हणाले, "तू जा बाई, बघून ये, मला नाही बघवत." मी गेले तर वेलीखाली मणी आणि गारा मिसळलेल्या, घड फुटून चिकट रस, आणि तो गोड वास इतक्या गार हवेत. एक गार उचलून चाकूने कापली, आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा, एक काचेसारखा. ढगात फिरताना तिच्यावर थर चढतात हे मी नंतर वाचलं. मार्चमध्ये वरच्या हवेत गारठा अजून टिकून असतो, शून्य अंशाची पातळी खाली असते, खाली ऊन तापवतं आणि समुद्राकडून बाष्प आलं की ढग उंच वाढतो आणि गारा वितळायच्या आत जमिनीवर पोचतात. मे महिन्यात तसाच ढग बहुतेक वेळा नुसता वळीव देऊन जातो. गार पडली की लगेच दहाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा, नाणं २७ मिमीचं आहे, म्हणजे आकार नंतरही काढता येतो. 'लिंबाएवढी' म्हटलं की प्रत्येकाचं लिंबू वेगळं.

ढग ओळखायला गच्ची हवीच. आमच्याकडून दुपारी तीनच्या सुमारास सिन्नरच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग दिसायला लागतात, कडा कातरल्यासारख्या स्वच्छ असतील तर अजून वाढतोय, डोकं पसरून ऐरणीसारखं सपाट झालं की तो पक्का वादळी ढग. पांडवलेण्यांचा डोंगर पांढुरका होऊन पुसट झाला की समजायचं पाऊस पाच-सात मिनिटांवर. त्याआधी गार वाऱ्याचा लोट येतो, धूळ उडते, आणि थर्मामीटरवर नजर ठेवलीत तर आकडा घसरताना दिसतो, एकदा माझ्यासमोर ३८ चे २७ झाले वीस मिनिटांत. मोबाईलमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तोही बघा, नाशिकला उंचीमुळे तो ९४० हेक्टापास्कलच्या आसपास दाखवतो, समुद्रसपाटीचा १०१३ नाही म्हणून बिघडलाय समजू नका. त्या लोटाबरोबर दाब टुणकन एक-दोनने वर उडी मारतो. पण वीज दिसल्यापासून आवाज यायला किती सेकंद ते मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, आणि तीसच्या आत आला की गच्ची सोडायची, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या, आजूबाजूला कुठे वीज पडतेय ते दाखवतं. रडार मुंबईचं बघते मी, पण नाशिक तिथून लांब आणि मध्ये सह्याद्री, पृथ्वीच्या गोलाईमुळे किरण आपल्या डोक्यावर येईपर्यंत अडीच-तीन किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे रडारवर काही नाही आणि खाली रिमझिम असं होतं.

विक्रमांच्या बातम्यांबद्दल एवढंच, आकडा मोठा असला की आधी यंत्र तपासायचं. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश आले, देशभर बातमी झाली, नंतर खात्यानेच तपासून सांगितलं की सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. त्यामुळे देशातला विक्रम आजही फलोदीचा, ५१ अंश, १९ मे २०१६. लिबियाच्या अल अझिझियाचे ५८ अंश तर १९२२ पासून पुस्तकांत होते, जागतिक हवामान संघटनेने ते २०१२ मध्ये रद्द केले, ९० वर्षांनी. मला यात खात्याची नाचक्की वाटत नाही, उलट आदर वाटतो.

आणि स्वतःच्या वहीचं सुख वेगळंच. माझ्या वहीत मे महिन्याच्या पानावर पावसाचा रकाना म्हणजे ०.० ची माळ, मध्ये कुठे वळवाचे ६, ११. २०२५ चा मे उघडला की पान अनोळखी वाटतं, सगळीकडे आकडे, कमाल तापमान तिशीत रेंगाळलेलं, मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेलाच पोचला, मृग नक्षत्र लागायच्या आधी. मामांचा उन्हाळ कांदा शेतातच भिजला. पेपरात तो महिना दोन-तीन दिवस गाजला, माझ्याकडे तो ३१ ओळींत आहे, माझ्याच अक्षरात.

तर तुम्ही नरसाळं आणि ताटल्या याच आठवड्यात आणा, स्वयंचलित स्टेशन वगैरे महागडं आत्ता नको, आधी एक पावसाळा हाताने मोजा. तुम्ही कुठल्या भागात राहता ते लिहिलं नाहीत, सातपूर-गंगापूर रोडकडे असाल तर आपल्या दोघांच्या आकड्यांत जूनपासूनच फरक पडायला लागेल, त्र्यंबकच्या बाजूच्या सरी तुमच्याकडे आधी येतात आणि पाथर्डी फाट्यापर्यंत येता येता कितीदा संपतात. पहिल्या महिन्याचे आकडे इथेच खाली टाका, मी माझे शेजारी लावते.