आजारी दाखवायचं की धडधाकट?

"नेमकं काय दखाडनं शे ताई, आजारी का धडधाकट?"

खुर्चीत टेकायच्या आधीच शोभाताईंनी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, सोनोग्राफी आणि सगळ्यात वर विमा कंपनीचं नकाराचं पत्र. वय ४१, माहेर-सासर दोन्ही पारोळा तालुक्यात. नवरा जळगावला एमआयडीसीत कामाला, त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांचं नाव. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ९२ किलो, आठ वर्षांचा मधुमेह. नाशिकच्या सर्जननी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवलेली. त्याच सर्जननी 'समुपदेशकाचं मत हवं' अशी चिठ्ठी देऊन त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

विमावाले म्हणतात, तुम्ही पुरेशा आजारी नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्ही ऑपरेशन सोसण्याइतक्या ठीक आहात का ते बघू. त्यात भर म्हणून मनाची तपासणी. "आता वेडी ठरवून घरी पाठवतील," असं त्या वाटभर बसमध्ये घोकत आल्या होत्या.

ही भीती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असते. शोभाताईंचा प्रश्न मला फार नेमका वाटला, कारण खरंच हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे कागदही वेगळे. विमा विचारतो, 'ही शस्त्रक्रिया गरजेची आहे का?' डॉक्टर विचारतात, 'ही आत्ता सुरक्षित आहे का?' एका पिशवीत दोन्ही कोंबले की माणूस गोंधळतोच.

आधी नकाराचं पत्र पाहिलं. भारतातल्या आरोग्य विम्याच्या ठरावीक अटींप्रमाणे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मधे असेल, तर साधे उपाय करूनही फरक पडला नाही हे दिसावं लागतं आणि सोबत गंभीर आजार लागतो: हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शोभाताईंचा बीएमआय ३८. पाठवलेल्या कागदांवर फक्त वजन आणि 'लठ्ठपणा' एवढंच. मधुमेहाचा एकच रिपोर्ट, तोही औषध नीट चालू असतानाचा, बरा आलेला. नकार आला यात नवल नव्हतं.

डॉक्टरांचे निकष यापेक्षा सैल आहेत. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५ च्या वर बीएमआय असेल तर दुसरा आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली, आणि आशियाई लोकांसाठी तर विचार २७.५ पासूनच करावा असं सांगितलं. म्हणून सर्जन 'करू या' म्हणतात आणि विमा 'नाही' म्हणतो, तेव्हा दोघांपैकी एक खोटा असतोच असं नाही.

शोभाताईंच्या नवऱ्याला मी घरची जुनी फाइल शोधायला सांगितलं. पारोळ्याच्या डॉक्टरांकडचे तीन वर्षांचे एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे रिपोर्ट) सापडले, आहारतज्ज्ञाचे दोन तक्ते सापडले. राहिली होती ती स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी. रात्रभर वायरी लावून झोपायची लाज वाटते म्हणून त्यांनी ती टाळली होती. घोरण्यामुळे सासूबाई वेगळ्या खोलीत झोपतात, हे मात्र हसत सांगितलं. तपासणी झाली तेव्हा तासाला ३८ वेळा श्वास अडखळत होता. ३० च्या वर गेलं की तो तीव्र प्रकार. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी ही माहिती जिवाच्या मोलाची होती. जी तपासणी त्या ओझं समजत होत्या, तीच विम्याच्याही कामी आली.

माझ्या खोलीतलं काम मात्र वेगळं होतं. मी वेड शोधत नाही. ऑपरेशन म्हणजे काय हे माणसाला कळलंय का, दुःखात किंवा रात्री चोरून खाणं होतं का, उदासी आहे का, जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या निभतील का, घरात साथ कोणाची, हे बघते. सरळ नकार मी फार क्वचित लिहिते. 'आधी हे सावरू, मग करू' असं बरेचदा लिहिते.

दुसऱ्या भेटीत मी तंबाखूचं विचारलं. "नाही." तिसऱ्या भेटीत पुन्हा विचारलं. त्यांनी दाराकडे बघितलं, नवरा बाहेर आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या, "मशेरी. सकाळ-संध्याकाळ. लग्नाआधीपासून." सर्जनच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं, कारण 'हो' लिहिलं तर नाव कापतील असं वाटलं.

हे लपवणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो, जठरात व्रण पडू शकतो. सांगितलं तर तारीख पुढे जाते; लपवलं असतं तर ते पोटाने भोगलं असतं. आम्ही सर्जनना त्यांच्यासमोरच फोन लावला. तारीख आठ आठवडे पुढे गेली. त्या आठवड्यांत मशेरीच्या जागी बडीशेप आली, दोनदा मोडलं, दोनदा परत धरलं.

सगळे कागद सर्जनच्या पत्रासह पुन्हा गेले आणि मंजुरी आली. पत्रात लठ्ठपणा शेवटी होता. आधी मधुमेह, श्वास आणि फसलेले उपाय. ग्रुप पॉलिसीत या शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा होती, म्हणून काही रक्कम घरून भरावी लागली. तेही आधीच विचारून ठेवलं होतं. पुन्हा नकार आला असता, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथेही न्याय नाही मिळाला तर विमा लोकपालाकडे जायचं ठरवलं होतं. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत.

निघताना त्यांनी जे विचारलं ते कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. कानबाई हा खानदेशातला देवीचा सण, आणि रोट हा तिचा नैवेद्य. "श्रावणात कानबाई. रोट घरच्यांनीच संपवायचे असतात. मी खाल्लं नाही तर सासू काय म्हणेल?" मी सासूबाईंना पुढच्या भेटीला घेऊन या म्हटलं. म्हातारीनं सगळं ऐकलं, सर्जननी दिलेलं जठराचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सुपारीएवढा तुकडा चालेल ना?" डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलं. तोपर्यंत तीन महिने होऊन गेलेले असतील, तर चालेल, असं त्यांनी कळवलं.